बाळाच्या बाहुलीतील पांढरी चमक

डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो त्याला मराठीत आपण बाहुली म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिले तर तेथे आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, त्यावरून हे नाव पडले असावे. संस्कृतातील कनीनिका म्हणजे लहान मुलगी. हिंदी-उर्दूत पुतली, तेलुगूत कंटिपाप, कानडीत पापे. हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडीसारख्या गावी घरात मराठी, शाळेत कानडी आणि बाजारात दखनी चालते. तेथे ह्यांतले दोन-तीन शब्द एकाच ओसरीवर ऐकावयास मिळतात. ही बाहुली वस्तुतः एक छिद्र आहे. आतला भाग अंधारा म्हणून ती काळी दिसते. एखाद्या तान्ह्या मुलाच्या बाहुलीत काळ्याऐवजी पांढुरकी चमक दिसू लागली, तर खिडकीच्या आत काहीतरी पांढरे येऊन उभे राहिले आहे, असा त्याचा अर्थ होतो. ते काय असू शकते, आणि ते कसे ओळखतात, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

रोगाचे नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या मागच्या आतल्या भिंतीवर दृष्टिपटल असते. त्याच्या कोवळ्या पेशींपासून ही गाठ उगवते, आणि ती कर्करोगाची असते. पेशी पक्व झाल्या की हा रोग सहसा उद्भवत नाही, म्हणून तो लहान मुलांचाच. शंभरांतील सुमारे पंचाण्णव मुलांत तो पाचव्या वर्षाच्या आत दिसून येतो. दोन्ही डोळ्यांत असेल तर बहुधा पहिल्या वर्षाच्या आसपास, एकाच डोळ्यात असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. जन्मणाऱ्या सुमारे पंधरा ते अठरा हजार बालकांत एखाद्यालाच तो होतो, त्यामुळे खेड्यातल्या डॉक्टरच्या साऱ्या हयातीत असा रुग्ण कदाचित एकदाच येईल, कदाचित येणारही नाही. तरीही आपल्या देशात जन्म इतके होतात की साऱ्या जगात दर वर्षी जे आठ हजारांच्या घरात नवे रुग्ण होतात, त्यांतील सुमारे दीड हजार एकट्या भारतात असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

ह्या रोगाचा पहिला परीक्षक बहुधा मुलाची आई असते. ह्यात भावुकतेचा भाग नाही, प्रकाशाचे साधे गणित आहे. डॉक्टर मुलाला पाहतो तो दिवसाच्या लख्ख उजेडात, दोन-चार मिनिटे, तेही मूल रडत असताना. अशा उजेडात बाहुली आकसून मोहरीएवढी झालेली असते. आई त्याला पाहते ती दिवेलागणीला. खोलीत मंद उजेड असतो, बाहुली रुंदावलेली असते, मूल मांडीवर आडवे असून भलतीकडे पाहत असते. दिव्याचा किरण तिरपा आत शिरतो, आतल्या पांढऱ्या गाठीवर आपटून परततो आणि क्षणभर मांजराच्या डोळ्यासारखी चमक उठते. मुलाने मान वळवली की ती नाहीशी होते. सकाळी आई हे सांगू लागते तेव्हा घरातील कोणालाच काही दिसत नाही, आणि ‘तुला भास झाला असेल’ ह्या वाक्यावर प्रकरण मिटते. आमच्या मते जिच्या डोळ्याला ती चमक दिसली तिचे म्हणणे घरातील वडीलधाऱ्यांनी, आणि डॉक्टरांनीही, पुराव्याइतके मोलाचे मानले पाहिजे.

येथे आपल्या भाषेतील एक शब्द घोटाळा करतो. डोळ्यात पांढरे दिसले की आपण ‘फूल पडले’ असे म्हणतो. फूल म्हणजे डोळ्याच्या पुढल्या पारदर्शक पडद्यावर जखमेमुळे किंवा आजारामुळे आलेला पांढरा वण. तो पृष्ठभागावर असतो, कोठूनही पाहिले तरी दिसतो, हलत नाही. रेटिनोब्लास्टोमाची चमक खोलातून येते आणि विशिष्ट कोनातूनच दिसते. ह्या दोहोंना एकच नाव दिल्यामुळे फुलावरचे घरगुती उपाय येथेही सुरू होतात. कोणी मध घालते, कोणी आईचे दूध, कोणी पाल्याचा रस. पुढल्या पडद्याला इजा होण्यापलीकडे त्यांतून काही निष्पन्न होत नाही, आणि त्या उपायांत जे महिने जातात त्या महिन्यांत गाठ वाढत राहते.

दुसरे लक्षण तिरळेपणा. गाठ दृष्टीच्या केंद्रस्थानी असली तर त्या डोळ्याला नीट दिसत नाही आणि तो डोळा भरकटू लागतो. थोडा तिरळा डोळा भाग्याचा, अशी समजूत आपल्याकडे अनेक घरांत आहे. मोठेपणी आपोआप सरळ होईल, असेही सांगितले जाते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून फिरणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही जो डोळा तिरळा राहतो त्याच्या आत पाहिल्यावाचून त्याला भाग्याचा म्हणू नये. बहुतेक तिरळ्या मुलांना हा रोग नसतोच. त्यांना चष्मा किंवा पट्टी लागते, तीही वेळेवर लागते. ह्याखेरीज डोळा लाल होणे, दुखणे, बुबुळाचा रंग पालटणे ही लक्षणे आहेत. डोळा खोबणीबाहेर येऊ लागणे हे फार उशिराचे लक्षण होय. दुर्दैवाने आपल्या प्रदेशातील काही मुले त्या अवस्थेतच मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी पोचतात.

अलीकडे घरोघरी मोबाईल आले आणि त्यांनी नकळत एक सोय करून दिली. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून छायाचित्र घेतले की निरोगी डोळ्याच्या बाहुलीत तांबूस ठिपका येतो. तो दृष्टिपटलामागील रक्ताच्या जाळ्याचा रंग. एका बाहुलीत तांबडे आणि दुसरीत वारंवार पांढरे किंवा पिवळट दिसले, तर तो इशारा समजावा. पुष्कळ फोनमध्ये हा तांबडेपणा आपोआप पुसण्याची सोय असते, ती बंद केल्याशिवाय काही कळत नाही. अमेरिकेत एका रसायनशास्त्रज्ञाच्या मुलाला हा रोग झाला. त्याने मागाहून मुलाची हजारो जुनी छायाचित्रे तपासली, तेव्हा निदानाच्या पुष्कळ आधीच्या, अगदी तान्हेपणीच्या चित्रांतही ती चमक आढळली. मात्र एखाद-दुसऱ्या चित्रातील पांढरेपणाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मूल किंचित नाकाकडे पाहत असेल तर डोळ्यामागील मज्जातंतूच्या मुळाशी उजेड पडून निरोगी डोळाही पांढरा चमकतो. चित्राने शंका यावी एवढेच त्याचे काम. निर्णय तपासणीने व्हावयाचा.

पहिली तपासणी अगदी साधी आहे आणि ती तालुक्याच्या गावीही होऊ शकते. खोली अंधारी करावयाची, हातातील नेत्रदर्शक यंत्राचा झोत हातभर अंतरावरून दोन्ही बाहुल्यांवर टाकावयाचा, आणि दोहोंतून परतणारी तांबूस झाक सारखी आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. झाक एका बाजूला फिकी, पांढरी किंवा नाहीशी असली तर मूल पुढे पाठवावयाचे. ह्याला एक मिनिट लागते. केंद्र सरकारने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांची पथके अंगणवाड्यांतून आणि शाळांतून मुले तपासतात. पथक गावात येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि ‘ह्याच्या डोळ्यात संध्याकाळी चमक दिसते’ हे वाक्य स्वतः होऊन सांगावे. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असे होऊ देऊ नये.

पुढे म्हणजे कोठे? आपल्या भागाचे तोंड फार पूर्वीपासून हैदराबादकडे आहे. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्यातच होते. कचेरी, कॉलेज आणि दवाखाना ह्या तिन्हींसाठी आपले वडील तिकडेच जात. हुमनाबाद हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर जवळजवळ मध्यावर आहे. त्या हैदराबादेत डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव ह्यांनी १९८७ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था उभारली, आणि आज डोळ्याच्या कर्करोगासाठी देशभरातून मुले तेथे येतात. ऐपत नसलेल्यांवर विनामूल्य उपचार करण्याचे ह्या संस्थेचे धोरण आहे. ज्यांचे नातलग मुंबईस आहेत त्यांना परळचे टाटा रुग्णालय जवळचे वाटते, चेन्नईस शंकर नेत्रालय आहे. रोग दुर्मिळ असल्यामुळे तो वारंवार पाहणाऱ्या ठिकाणीच जाणे श्रेयस्कर. गावोगावी चार दवाखाने फिरून पाचव्यात पोचण्यापेक्षा पहिल्याच डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन थेट तिकडे गेलेले बरे. भाषेची चिंता नको. बाजारातली आपली दखनी हैदराबादेत उत्तम चालते.

तेथे गेल्यावर मुलाच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. मग मुलाला भूल देतात, आणि येथे आईबापांचा जीव कासावीस होतो. नुसते पाहण्यासाठी भूल कशाला, असा प्रश्न ते विचारतात. उत्तर असे की वर्षा-दीड वर्षाचे मूल जागेपणी डोळा स्थिर ठेवूच शकत नाही, आणि ह्या तपासणीत दृष्टिपटलाचा कोपरान् कोपरा पाहावयाचा असतो. डॉक्टर कपाळावर दिवा बांधतात, हातात भिंग धरतात आणि एका बोथट सळईने डोळ्याची कड बाहेरून हलकेच दाबत दाबत फिरवतात, म्हणजे अगदी काठाशी दडलेली मिलिमीटरभराची गाठही दृष्टीस पडते. दुसरा डोळा निरोगी वाटला तरी तोही तितक्याच काळजीने पाहतात. सापडलेल्या प्रत्येक गाठीचा आकार, जागा, ती केंद्रापासून किती दूर, तिचे कण डोळ्यातील पारदर्शक द्रवात विखुरले आहेत काय, हे सारे आकृती काढून नोंदतात. त्यावरून डोळ्याची प्रत ठरते. ए पासून ई पर्यंत पाच प्रती आहेत. ए म्हणजे तीन मिलिमीटरपर्यंतच्या लहान गाठी, ई म्हणजे गाठीने डोळ्याची पुरती हानी केलेली.

त्यानंतर अल्ट्रासाऊंड. पोटाची सोनोग्राफी करतात तशीच, मिटल्या पापणीवरून. ह्या गाठीत बहुधा चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, कण साचतात. ते पडद्यावर लख्ख चमकतात आणि त्यांच्या मागे सावली पडते. दुसऱ्या रोगांत अशी खूण क्वचितच मिळते. गाठ मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकली आहे काय, हे पाहण्यासाठी एम.आर.आय. करतात. पूर्वी ह्या कामी सी.टी. स्कॅन सर्रास होत असे. परंतु त्यात क्ष-किरणे लागतात, आणि ज्यांच्यात हा रोग जन्मजात दोषातून येतो त्या मुलांना किरणांमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, म्हणून आता ते शक्यतो टाळतात.

इतर गाठींच्या बाबतीत सुई घालून तुकडा काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि मग कर्करोग आहे असे सांगतात. येथे तसे करीत नाहीत. डोळ्याची भिंत हीच ह्या गाठीची तटबंदी आहे. तिला सुईने भोक पाडले तर त्याच वाटेने पेशी बाहेर सांडण्याचा धोका असतो. त्यामुळे पाहणे आणि चित्रे घेणे एवढ्यावरच निदान करावे लागते, आणि अनुभवी माणसाला ते बहुतेक वेळा अचूक करता येते. पांढरी चमक दुसऱ्या कारणांनीही येते. जन्मजात मोतीबिंदू, कोट्स नावाचा रक्तवाहिन्यांचा विकार, गर्भावस्थेतील वाहिन्या न विरघळता तशाच राहणे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलदोष, कुत्र्या-मांजरांच्या जंतांपासून येणारी सूज, अशी ती कारणे. ह्यांपैकी एकही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत झाली नाही तर मेंदू त्या डोळ्याने पाहावयास शिकतच नाही. म्हणजे चमक दिसल्यावर गाठ निघो वा न निघो, त्वरेने गेलेल्याचा फेरा वाया जात नाही.

ह्या रोगाचा इतिहासही घटकाभर थांबण्याजोगा आहे. स्कॉटलंडचे शल्यवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप ह्यांनी १८०९ मध्ये दाखवून दिले की ही गाठ दृष्टिपटलातून उगवते, आणि वेळीच डोळा काढला तर मूल वाचू शकेल असे सुचविले. तेव्हा भूल देण्याची विद्या नव्हती, डोळ्यात आत पाहण्याचे साधनही नव्हते. ते हेल्महोल्ट्झ ह्यांनी १८५१ मध्ये तयार केले. आजचे नाव व्हर्होफ ह्यांनी १९२२ मध्ये सुचविले. १९७१ मध्ये अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नडसन ह्यांनी केवळ ४८ रुग्णांच्या नोंदी घेऊन बसल्या बसल्या हिशेब केला आणि एक अनुमान काढले. पेशीतील एका विशिष्ट जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही बिघडल्या म्हणजे गाठ उगवते. ज्या मुलात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते त्याला दुसरा एकच घाव पुरे होतो, म्हणून त्याचा रोग लौकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. १९८६ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरील ते जनुक हाती लागले आणि नडसन ह्यांचा हिशेब खरा ठरला. कर्करोगाला आवर घालणाऱ्या जनुकांपैकी शोध लागलेले हे पहिलेच.

आपल्या घरांच्या दृष्टीने ह्या शोधाचे महत्त्व वेगळे आहे. मूल आजारी निघाले की दोष कोणाचा, हे ठरविण्याची घाई होते. गरोदरपणी सुनेने ग्रहण पाहिले, ती पांढऱ्या पायाची, माहेरचे रक्तच तसे. आणि आमच्या सीमाभागात मामा-भाचीची लग्ने होतात, त्यांवरही बोट ठेवले जाते. जवळच्या नात्यातील लग्नांमुळे काही आजार वाढतात हे खरे, पण ह्या रोगाचे मूळ त्यात नाही. सुमारे साठ टक्के मुलांत दोन्ही घाव त्या एका पेशीवरच पडलेले असतात, त्यांत वंशाचा संबंध येत नाही. उरलेल्या चाळीस टक्क्यांत दोष साऱ्या शरीरात असतो, परंतु त्यांतही बहुतेकांच्या घराण्यात पूर्वी कोणाला हा रोग झालेला नसतो. तो दोष त्या मुलापासूनच नव्याने सुरू होतो. ग्रहणाचा, पायगुणाचा, आईच्या खाण्यापिण्याचा ह्यात काडीचाही भाग नाही.

उपचारांची चर्चा येथे थोडक्यात करतो. गाठी लहान असतील तर लेसरने जाळतात किंवा गोठवून नष्ट करतात. मोठ्या गाठी केमोथेरपीने, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बहुधा सहा वेळा औषधे देऊन, आधी आक्रसवतात. किरणोत्सर्गी चकती काही दिवस डोळ्यावर बसवण्याचाही उपाय आहे. तशी रुथेनियमची चकती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केली आहे. औषधांच्या काळात मुलाची प्रतिकारशक्ती खालावते, त्यामुळे गावी परतल्यावर ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठावयाचे असते. आपल्या भागातून जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण रात्रीची गाडी अगोदर ठरवून ठेवावी लागते.

पण ई प्रतीच्या डोळ्याबाबत डॉक्टर बहुधा सांगतात की डोळा काढावा लागेल. हे ऐकल्यावर ‘घरी जाऊन विचार करून येतो’ असे म्हणून कुटुंबे निघून जातात. ह्या वाक्याने जितकी मुले गमावली तितकी रोगाच्या अज्ञानानेही गमावली नसतील, असे आम्हांस वाटते. घरी आजोबा नको म्हणतात, कोणी गंडा बांधते, मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी पुढे येते, आणि तीन-चार महिन्यांनी मूल परत येते तेव्हा गाठ भिंतीबाहेर पडलेली असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत १५३ देशांतील चार हजारांवर मुलांची नोंद होती. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळी मुलाचे मध्यमान वय सुमारे १४ महिने होते, गरीब देशांत साडेतीस. श्रीमंत देशांत शंभरांतील एक-दोन मुलांचाच रोग डोळ्याबाहेर पोचलेला होता, गरीब देशांत जवळजवळ निम्म्यांचा. डोळ्याच्या आत असताना हाती लागलेला हा रोग बालपणीच्या कर्करोगांतील सर्वांत बऱ्या होणाऱ्यांपैकी आहे. मेंदूत किंवा हाडांच्या मगजात गेल्यावर मात्र तो फार थोड्यांनाच सोडतो.

म्हणून त्या वाक्याच्या जागी काय ऐकावयास मिळते ते आधीच ठाऊक असावे. असा डोळा बहुधा अगोदरच आंधळा झालेला असतो. काढल्याने दृष्टी जात नाही. शस्त्रक्रिया भुलेखाली होते आणि मूल एक-दोन दिवसांत खेळू लागते. खोबणीत एक गोळा बसवून त्याला डोळ्याचे स्नायू जोडतात, आणि सुमारे सहा आठवड्यांनी वरून रंगवलेला कृत्रिम डोळा बसवतात. तो थोडा हलतोही, आणि दुसऱ्याशी इतका मिळताजुळता असतो की शेजाऱ्यांस सांगितल्याशिवाय कळत नाही. मूल वाढते तसा तो काही वर्षांनी बदलावा लागतो. काढलेला डोळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मज्जातंतूच्या कापलेल्या टोकापर्यंत पेशी गेल्या आहेत काय, हे पाहून पुढे औषधे द्यावयाची की नाही ते ठरते. म्हणून तो अहवाल हाती घेतल्याशिवाय गावी परतू नये.

जाताना मुलाच्या तान्हेपणापासूनची छायाचित्रे, जन्माचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असावे. सरकारी योजनेतून खर्च निघतो काय हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. पाच वर्षांखालील भावंडांनाही सोबत न्यावे, कारण त्यांचे डोळे पाहिल्यावाचून तपासणी पुरी होत नाही. दोन्ही डोळ्यांत रोग असलेल्या मुलांवर पुढेही अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते, हाडांच्या दुखण्याकडे विशेष. आणि अशी मुले मोठी होऊन आईबाप होतात तेव्हा त्यांच्या प्रत्येक अपत्यात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून त्या बाळाचे डोळे बारशाची वाट न पाहता, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच तपासून घेतात.